भागिरथीबाईंचं नाक

शेवगावच्या पूर्वेला, जायकवाडीच्या फुगवट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक गाव आहे. त्या गावातली पुरुष मंडळी एके काळी कशाला भ्यायची असतील, तर ती भागिरथीबाईंच्या नाकाला. पोलिसाचे हातपाय धरता येतात, सरपंचाला गळ घालता येते, पण नाकापुढे माणूस काय करणार? कुणी बडीशेप चावायचा, कुणी कच्चा कांदा खायचा, कुणी पेरूचा पाला चघळत यायचा. एका बहाद्दरानं तर घासलेटात बुडवलेला रुमाल गळ्याला बांधला होता. बाई वस्तीच्या तोंडाशी उभ्या राहायच्या, मान डावीकडे किंचित कलवायच्या, डोळे अर्धे मिटून एकच आखूड श्वास घ्यायच्या आणि सांगायच्या, "दुपारी घेतलीस. त्याच्यावर कांदा खाल्लास. कांदा वाया गेला."

हे नाक काही त्यांनी हौसेनं कमावलेलं नव्हतं. त्यांचे मालक रंभाजी गवंडी होते, हात सोन्याचा, ओळंब्याशिवाय भिंत सरळ उचलणारा माणूस. पण संध्याकाळ झाली की पाय देशी दारूच्या दुकानाकडे वळायचे. मग रोज दारात तोच कार्यक्रम.

"तोंड उघडा."

"घेतली न्हाई गं."

"उघडा."

"बाबासाहेबांची शप्पत, न्हाई घेतली."

असं करता करता बाईंना एक विद्या आली. तोंडातला वास वेगळा आणि पोटातला वेगळा. तोंडातला चूळ भरली की जातो. पोटातला श्वासाबरोबर वर येतो, आंबूस, जड, आणि त्याला जगात औषध नाही. रंभाजींचं यकृत गेलं, चाळिशीतच माणूस खाटेला लागला. शेवटच्या दिवशी दवाखान्यात बाई तोंडात पाणी घालायला वाकल्या, तेव्हाही वास आला. कुणी आणून दिली कोण जाणे. रंभाजी हळूच म्हणाले, "न्हाई घेतली." तेच त्यांचे शेवटचे शब्द. बाई पुढे दारूही एक वेळ विसरल्या असत्या, पण ते 'न्हाई घेतली' त्यांच्या मनातून गेलं नाही.

त्यानंतर त्यांनी सगळं गाव हलवून सोडलं. वस्तीतल्या बायका, पाटील गल्लीतल्या बायका, पार मळ्यात राहणाऱ्या बायका अशा सगळ्या एका सतरंजीवर बसवल्या. दुकान बंद करण्यासाठी बायकांचं मतदान झालं. चिठ्ठीवर दोन चित्रं होती, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडवी बाटली निवडून आली, दुकानाला कुलूप लागलं, आणि बाई मंडळाच्या म्होरक्या झाल्या. पहिल्याच बैठकीत त्यांनी नियम घातला की ज्या बाईच्या घरातलं माणूस पिईल, तिनं म्होरकेपणावर हक्क सांगायचा नाही. नियम कडक होता. पुढे त्यांच्या जोडीनं काम करणाऱ्या झुंबरबाईंचा मुलगा प्यायला लागला, आणि बाईंनी स्वतःच त्याचा वास घेऊन भर बैठकीत सांगितलं. मुलगा आईच्या तोंडावर नाही नाही म्हणत होता. झुंबरबाई खाली मान घालून मागच्या ओळीत जाऊन बसल्या. त्यांनी मंडळ सोडलं नाही, पण बाईंशी जेवढ्यास तेवढंच बोलत राहिल्या.

आता अशा बाईंच्या पोटी यशोधरा जन्मली. एकुलती एक. नगरच्या कॉलेजात जंतूंचं शास्त्र शिकली, पहिल्या वर्गात पास झाली, आणि नोकरी धरली ती कुठं, तर पुणतांब्याजवळ गोदावरीच्या काठी द्राक्षाची वाईन करणाऱ्या कारखान्यात. लपवलं नाही, नोकरी लागली त्याच दिवशी फोन केला.

"आई, वाईनची चव बघायचं काम हाय."

"म्हंजे दारू पितेस."

"पीत न्हाई. तोंडात घ्यायची, चव बघायची अन् थुंकून टाकायची. सगळीकडं असंच करत्यात."

बाईंना हसूच आलं, पण ते कडू होतं. "माझं केस पांढरं झालं यशू, पर दारू तोंडात घिऊन थुंकनारं मानूस मी अजून बघितलं न्हाई. तुझा बाप बी रोज न्हाईच म्हनायचा." त्यांनी फोन ठेवला. पोरीचे फोन येत राहिले, बाईंनी उचलले नाहीत. जेवायला बसलं की पोरीची आठवण यायची आणि घास तोंडातच फिरायचा, पण बाईंचा हेका मोडला नाही.

मग एक दिवस झुंबरबाई दारात आल्या. हातात नातवाचा मोबाईल होता. त्यावर यशोधरा दिसत होती, हातात काचेचा पेला, पेल्यात तांबडं काहीतरी, आणि समोर शहरातली तरुण पोरंपोरी. झुंबरबाई रागानं बोलल्या नाहीत, टोमणाही मारला नाही. एवढंच म्हणाल्या, "शनवारी बैठक हाय. बाया इचारत्याल. तवर काय खरं खोटं ते बघून ये."

बाईंनी मनाशी ठरवलं. पोरीच्या तोंडाचा वास घ्यायचा. पोटातला वास आला, तर तिचा हात धरून तिला घरी आणायची आणि शनिवारी म्होरकेपण खाली ठेवायचं. रविवारी सकाळी त्या एसटीत बसल्या. नेवासा गेलं, श्रीरामपूरला गाडी बदलली, दोन्ही बाजूला ऊस आणि पेरूच्या बागा लागल्या. आमच्याकडच्या कोरड्या रानातून आलेल्या माणसाला हा हिरवेपणा बघून जरा हेवा वाटतोच. बाईंना मात्र त्या दिवशी काही दिसत नव्हतं.

कारखान्याचे मालक कानिफनाथ हे पुणतांब्याचेच शेतकरी. आडदांड अंगाचे, पांढरा सदरा, पायात चप्पल. बाईंनी पोरीचं नाव सांगताच ते उठून उभे राहिले. "या मावशी, बसा. यशूताईंची आई व्हय तुमी? त्यांचा अजून एक तास कार्यक्रम हाय. तवर आमचा कारखाना तर बघा."

ते बाईंना तळघरात घेऊन गेले. आत गारवा होता, आणि भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बाटल्याच बाटल्या. एकूण एक आडवी.

बाई थबकल्या. "आडव्या का वं ठिवल्यात?"

"बूच ओलं ऱ्हायला पाहिजे ना. उभी ठिवली तर बूच वाळतं, हवा शिरती, माल बिघडतो. चांगली वाईन नेहमी आडवीच."

आडव्या बाटलीसाठी बाईंनी उन्हातान्हात घरोघर पायपीट केली होती. इथं हजारो बाटल्या कुणी न सांगता आडव्या पडल्या होत्या. त्यांना रागही आला आणि हसूही आलं. हसू त्यांनी पदराआड दाबलं.

वर मोठ्या खोलीत लांब टेबलाभोवती दहा-बारा जण बसले होते. पुण्याचे, नाशिकचे, छत्रपती संभाजीनगरचे, सगळे पंचविशी ओलांडलेले, नोकरीवाले. दारात एक बाई वय बघून आत सोडत होती. टेबलाच्या टोकाला यशोधरा उभी होती. तिला आई दिसली आणि तिच्या हातातली बाटली तशीच थांबली. एवढ्या महिन्यांनी दोघींची नजरानजर झाली. "बस आई. एवढं आटपून येते," ती म्हणाली. बाई मागे प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या.

पहिली गोष्ट त्यांच्या नजरेला पडली ती टेबलावरची पिकदाणी. चकचकीत स्टीलची, दर दोघांत एक. निकिता नावाच्या एका झुळझुळीत कपड्यांतल्या मुलीनं घोट घेतला, तोंडात घोळवला, आणि ओठ मुडपून पिकदाणीत थुंकला. मग पुढच्यानं, मग त्याच्या पुढच्यानं. बाईंनी डोळे चोळले. शिकलेली, कमावती पोरं पैसे भरून येतात, महागडी दारू तोंडात घेतात आणि थुंकून टाकतात! हे रंभाजींना सांगितलं असतं तर ते हसून हसून लोळले असते.

पण खरं नवल पुढेच होतं. यशोधरानं पेल्यात बोटभर वाईन ओतली, पेला फिरवला आणि नाकाशी नेला. मान डावीकडे किंचित कलली, डोळे अर्धे मिटले, एकच आखूड श्वास. बाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला. ती त्यांचीच मान होती, त्यांचाच श्वास होता. दारात त्या नवऱ्याचं तोंड हुंगायच्या, तेव्हा एवढीशी यशू पदराआडून बघत असायची. तिथं ती काय शिकत होती, हे आईला आज कळलं.

"ही अर्जेंटिनाची," यशोधरा सांगत होती. "मेंदोझा नावाचा भाग आहे. पाऊस जवळजवळ नाही, आपल्या शेवगावपेक्षा कोरडं. पण वर आभाळाला टेकलेले बर्फाचे डोंगर आहेत. बर्फ वितळतं, ते पाणी लोक पाटानं शेतात आणतात. शेकडो वर्षांपासून पाळीपाळीनं भिजवतात."

पाटपाणी! बाई खुर्चीत पुढे सरकल्या. पृथ्वीच्या पार पलीकडे कुणीतरी रात्री उठून पाळी धरतो, खोरं घेऊन बांधावर उभा राहतो, हे त्यांना तत्काळ दिसलं.

मग ग्रीसचं एक बेट आलं, सँटोरिनी. तिथं समुद्रावरून असा वारा सुटतो की मांडवावर वेल टिकत नाही. म्हणून लोक वेलाला जमिनीवरच गोल गोल वळवून त्याची पाटी विणतात, आणि द्राक्षं त्या पाटीच्या आत लागतात. पाऊस नाही, तर पहाटेच्या धुक्यावर वेल जगतो. मग जर्मनीतल्या मोझेल नदीचा काठ आला, इतका उभा चढ की माणूस दोर धरून द्राक्षं तोडतो, आणि पायाखाली काळ्या दगडाच्या पापुद्र्यांची जमीन. यशोधरानं एक पेला हुंगून सांगितलं की ह्यात त्या ओल्या दगडाचा वास आहे. टेबलावरची पोरं पेल्यात नाकं खुपसून तो दगड शोधू लागली. त्यांना सापडला की नाही देव जाणे, पण बाई मात्र अवाक होऊन बसल्या. पोरीला पासपोर्ट नाही, पुण्याच्या पुढे ती कधी गेली नाही, आणि नाकाच्या एका श्वासावर ती सातासमुद्रापलीकडच्या रानात जाऊन उभी राहते. हे कुठलं देणं म्हणायचं? अभिमान वाटून घ्यावा की भ्यावं, ते त्यांना समजेना. 

टेबलावर करण नावाचा एक तरुण होता, निकिताबरोबर आलेला. तो थुंकत नव्हता, आणि पेला सारखा पुढे करत होता. यशोधरा त्याच्याजवळून गेली, थांबली, आणि पेल्यावर तळहात ठेवला.

"तुम्ही इकडे यायच्या आधी बिअर घेतलीय."

"नाही घेतली," करण म्हणाला.

मागे बसलेल्या बाईंच्या हातांच्या मुठी वळल्या.

"घेतलीय," यशोधरा शांतपणे म्हणाली. "हरकत नाही, पण आता आणखी नाही. गाडीची किल्ली निकिताकडे द्या. पेरू आणलेत, ते खा." तिनं आवाज चढवला नाही की त्याला लाजवलं नाही. करणनं जरा वेळ इकडं तिकडं पाहिलं आणि किल्ली दिली. बाईंना आठवलं, आपण ओरडायचो. चारचौघांत ओरडायचो.

कार्यक्रम संपला, पोरं बागेकडे पांगली. मागच्या ओट्यावर, जिथून गोदावरीचं पात्र दिसतं, तिथं मायलेकी समोरासमोर उभ्या राहिल्या. बाई इथवर ज्यासाठी आल्या होत्या ते करायची वेळ आली होती. एवढं सगळं बघून त्यांचं मन विरघळलं होतं, म्हणूनच त्यांना भीती वाटत होती. वास आला तर?

"हिकडं ये."

"येते. पण आधी ऐक," यशोधरा म्हणाली. "आज सकाळी एक घोट गिळलाय मी."

बाई वाकल्या होत्या त्या तशाच राहिल्या.

"रोज थुंकते, आई. आजपर्यंत थेंब गेला नव्हता. सकाळी जॉर्जिया देशातली बाटली उघडली. तिथं मोठाले मातीचे रांजण जमिनीत गळ्यापर्यंत पुरत्यात, अन् द्राक्षाचा रस सालीसकट त्याच्यात ठेवत्यात. हजारो वर्षं तसंच करत्यात. मी तोंडात घेतली अन् मला थुंकवलंच न्हाई. गेली खाली. तू येणार हे मला ठाऊक न्हवतं. रात्री तुला फोन करून सांगणारच होते. तू उचलला नसतास, ती गोष्ट वेगळी."

भागिरथीबाईंनी आयुष्यात किती तोंडं हुंगली असतील त्याची गणती नव्हती. नवऱ्याचं, दिराचं, गावातल्या बाप्यांचं, झुंबरबाईंच्या पोराचं. प्रत्येक तोंडातून आधी 'न्हाई' आलं होतं आणि मागून वास. आज पहिल्यांदा खरं आधी आलं. आता नाकाचं काय करायचं, हेच त्यांना समजेना. त्या सरळ उभ्या राहिल्या.

"पंचशील घेतीस का रोज?"

"घेते. नशा न करायचं पाचवं शील आज मोडलं. उद्या परत घेईन."

बाईंनी मान हलवली. मग त्या म्हणाल्या, "कुठं हाय ती? नुसता वास घिऊ दे."

यशोधरानं तळाशी उरलेला पेला आणला. रंग गुळाच्या काहिलीत उसाच्या रसाला पहिली उकळी येते तेव्हा असतो तसा, पिवळट तांबूस. बाईंनी मान कलवली, डोळे अर्धे मिटले. आयुष्यभर त्यांनी दारूचा एकच वास ओळखला होता, आणि त्या तोच शोधत होत्या. तो येईना. वाळवलेल्या बोरांचा वास आला, चहाच्या पत्तीचा आला, कुंभाराकडून नुकत्याच आणलेल्या माठात पहिलं पाणी ओततात तेव्हाचा आला. त्यांनी दुसऱ्यांदा श्वास घेतला, तिसऱ्यांदा घेतला. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"ह्यात तुझा बाप न्हाई," त्या म्हणाल्या.

यशोधरानं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. पेल्यातली वाईन दोघींपैकी कुणीच प्यायली नाही. त्या रात्री बाई पोरीच्या खोलीवर राहिल्या, दोघींनी पिठलं-भाकरी केली, आणि सकाळच्या गाडीनं बाई एकट्याच परत आल्या.

शनिवारी समाजमंदिरात सतरंजी पडली. बायका हळूहळू जमल्या. झुंबरबाई नेहमीसारख्या मागच्या ओळीत बसल्या. बाईंनी येताना गाडीत सगळा विचार करून ठेवला होता. 'पोरगी पीत न्हाई, थुंकती, मी डोळ्यांनी बघून आले' एवढं म्हटलं तरी पुरे होतं. त्यात बहुतेक खरंच होतं. पुणतांब्याचा तो एक घोट गावात कुणाला कधी कळला नसता.

"पोरगी थुंकती," बाई उभ्या राहून म्हणाल्या. "मी बघितलं. पर एक घोट तिनं गिळला. एकच. तरी बी गिळला तो गिळला. नियम मी घातला हुता, तवा मला बी तोच. आजपून म्होरकी दुसरी निवडा." एवढं बोलून त्या चालत मागच्या ओळीत गेल्या आणि झुंबरबाईंच्या शेजारी बसल्या.

झुंबरबाईंनी समोर बघतच विचारलं, "वास आला तवा गावली व्हय?"

"न्हाई. वास घेतलाच न्हाई. तिनंच आधी सांगितलं."

"म्हंजे तू इचारलंस, मंग सांगितलं."

"न्हाई. मी इचारायच्या आधी."

झुंबरबाईंनी मान वळवून बाईंच्या तोंडाकडे पाहिलं. पुढच्या ओळीतल्या बायकाही एकेक करून मागे वळल्या. त्या खोलीत अशी एक बाई नव्हती जिनं नवऱ्याचं, पोराचं किंवा भावाचं 'न्हाई घेतली' ऐकलं नव्हतं. न विचारता कुणी सांगितलं असल्याचं एकीलाही आठवेना.

"न इचारता," झुंबरबाई सावकाश म्हणाल्या. मग त्यांनी बाईंच्या गुडघ्यावर हात ठेवला. "पुन्यांदा सांग भागिरथे. पयल्यापासून सांग."

आणि सगळ्या बायका सतरंजीवर सरकत सरकत जवळ आल्या.